पुढच्या काचेचा क्लेम: काच मिळाली, शिट्टी फुकट, एनसीबीसाठी भांडण

गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचं कोटेशन मेलवर आलं, त्यात नो क्लेम बोनसच्या (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) रकान्यात शून्य! त्याच दिवशी ठरवलं की हा सगळा अनुभव लिहून काढायचा. पुढची काच विम्यातून बदलून घेतली त्याला आता एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटून गेला. काचेची परीक्षा झाली आणि विमा कंपनीचीही झाली. नावं लिहीत नाही, कारण चार ओळखीच्यांना विचारलं तर चौघांच्या वेगवेगळ्या कंपन्या आणि तक्रारी साधारण याच.

गाडी पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, १२०० सीसीच्या आतली. काचेमागे रेन सेन्सर आहे, कॅमेरा नाही. हे आधीच सांगतो, कारण कॅमेरा असेल तर पुढचा अर्धा हिशोब बदलतो. काच फुटली तेव्हा पॉलिसीचं चौथं वर्ष चालू होतं आणि एनसीबी ३५ टक्के होता. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणापोटी होणारी कपात टाळणारं जादा कव्हर, त्या वर्षी घेतलं नव्हतं, महाग सांगितलं म्हणून. एनसीबी प्रोटेक्शन, म्हणजे क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं कव्हर, मात्र घेतलं होतं, ६४० रुपये अधिक जीएसटी.

फुटली कशी, तर पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरच्या अलीकडे पुढे खडीचा डंपर, ताडपत्री नावाला. टक्क आवाज आला. डाव्या बाजूला खाली, कडेपासून चार बोटांवर टिकलीएवढा चट्टा. मे महिना, बाहेर काच तापलेली, आत एसी. संगमनेर येईपर्यंत त्या चट्ट्याला शेपूट फुटलं आणि दुसऱ्या दिवशी तडा मधल्या आरशाच्या खालपर्यंत आला. पुढची काच दोन काचांच्या मध्ये पीव्हीबीचा पातळ थर घालून केलेली असते, त्यामुळे ती अंगावर कोसळत नाही. आतून नख फिरवलं तर गुळगुळीत लागत होतं, तडा फक्त बाहेरच्या थराला. पण तडा कडेच्या इतक्या जवळून निघाला असेल तर रेझिन भरून काही होत नाही. रेझिनचं काम लहान चट्ट्याचं, तेही ताजं असताना, धूळ-पाणी आत शिरायच्या आधी. म्हणून चट्टा दिसला की आधी त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि एसीचा झोत काचेवरून वळवा. चट्टा अगदी चालकाच्या नजरेसमोर असेल तर रेझिननंतरही तिथे धूसर ठिपका राहतो, हेही लक्षात ठेवा.

वॉरंटीचं आधी उरकतो. मी पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली आहे, त्यामुळे वर्कशॉपमध्ये विचारणं भाग होतं. अ‍ॅडव्हायजरने खिशातलं बॉलपेन काढलं आणि तड्यावरून हलक्या हाताने फिरवत नेलं. चट्ट्याशी टोक अडकलं. "दगड आहे सर," म्हणाला आणि विषय संपला. ही परीक्षा खरी आहे. दगडाने काचेचा बारीकसा टवका उडतो, तिथे पेन अडकतं. ताणामुळे आपोआप गेलेला तडा बहुधा थेट कडेतून सुरू होतो आणि त्यावर असा खड्डा सापडत नाही. तसा तडा असेल तरच वॉरंटीत भांडायला जागा. नाहीतर थरांमध्ये बुडबुडे येणं, कडेने दुधाळ पट्टा दिसणं, काचेतून रस्ता वाकडा दिसणं, हे उत्पादनातले दोष. माझ्या पुस्तिकेत वगळलेल्या गोष्टींत काच फुटणं, वायपरचं रबर आणि बीडिंग शेजारी शेजारी छापलंय. वाढीव वॉरंटीचे पैसे इंजिन-गिअरबॉक्ससाठी भरायचे, काचेसाठी नाही.

आता विमा. पहिला प्रश्न, तुमची पॉलिसी नेमकी कुठली? हसू नका. आमच्या सोसायटीत एकाची गाडी तिसऱ्या वर्षात आहे. घेताना 'तीन वर्षांचा विमा' असं ऐकलं आणि निर्धास्त झाला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकांच्या पॅकेजमध्ये एकाच वर्षाचा असतो. तो दर वर्षी वेगळा घ्यायचा. याने घेतलाच नाही. म्हणजे याच्या गाडीने दुसऱ्याची काच फोडली तर विमा आहे, स्वतःची फुटली तर खिसा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, आज एकदा बघून घ्या.

दुसरी गोष्ट एजंटलोक सांगत नाहीत. काचेवर घसारा (तीच जुनेपणाची कपात) शून्य असतो. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३०, धातूवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर मात्र काहीच नाही, गाडी आठ वर्षांची असली तरी. त्यामुळे 'काचेसाठी झिरो डेप घ्या' असं कोणी म्हणालं तर त्याला हा तक्ता दाखवा. झिरो डेपचा काचेच्या क्लेममध्ये उपयोग एवढाच, की काचेभोवतीच्या रबरी पट्टीचे पूर्ण पैसे मिळतात.

क्लेम अ‍ॅपवरून टाकला. ५० हजारांच्या आतल्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही, त्यामुळे काचेच्या बाबतीत बहुतेक वेळा कंपनीचाच माणूस फोटो-व्हिडिओवर काम भागवतो. नंबर प्लेटसकट पूर्ण गाडी, तडा जवळून, चासी नंबर, किलोमीटर. मंजुरी येईपर्यंत काचेला हात लावू द्यायचा नाही. इथे तक्रार नाही, मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

बिल जीएसटीसकट असं होतं. काच १५,३४० रुपये, काचेभोवतीची रबरी मोल्डिंग पट्टी १,१८०, काच चिकटवायचं सीलंट-प्रायमर किट २,००६, मजुरी २,३६०. एकूण २०,८८६. त्यातलं माझ्या वाट्याला काय आलं? सक्तीची वजावट १,००० (वर्कशॉपमध्ये तिला 'फाइल चार्ज' म्हणतात, १५०० सीसीच्या वरच्या गाड्यांना २,०००), मोल्डिंगची निम्मी किंमत ५९० आणि सीलंट किट पूर्ण, का, तर ते म्हणे 'कन्झ्युमेबल', वापरून संपणारा माल. एकूण ३,५९६. विमा कंपनीने १७,२९० दिले.

सीलंटवरून मी काउंटरवर बराच वेळ घातला. काच सीलंटशिवाय बसत नाही, मग तो काचेचा भाग नाही तर कशाचा? उत्तर ठरलेलं: "सर, कन्झ्युमेबल कव्हर घेतलं असतं तर..." काही कंपन्या हे पैसे देतात, काही कापतात. एस्टिमेटवर मंजुरी घेतानाच विचारून ठेवा. गाडी हातात मिळाल्यावर विचारून उपयोग नाही.

फास्टॅग राहिला. तो जुन्या काचेबरोबर जातो, सोलला की निकामी होतो, तसाच बनवलेला असतो. बँकेला काच बदलल्याचं कळवून नवा मागवावा लागतो. टॅगचे शंभर रुपये विम्यात नाहीत, आणि नवा येईपर्यंत टोलला जादा पैसे. काच बदलायची तारीख ठरली की त्याच दिवशी टॅगचा अर्ज करा. ज्यांनी वार्षिक पास त्याच टॅगवर घेतलाय त्यांनी तर आधी बँकेशी बोलावं.

आता शिट्टी.

काच बसवून गाडी आणली, शहरात छान. पहिल्यांदा समृद्धीवर ऐंशीच्या वर गेलो आणि काचेच्या डाव्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी सुरू. नव्वदला सूर चढतो, शंभरला दोन सूर. बायको म्हणाली, रेडिओ लाव. मी रेडिओ बंद केला, पंखा बंद केला आणि घोटीपर्यंत ऐकत राहिलो. पंधरा हजारांची काच आणि अकराशेची पट्टी, आणि लक्षात राहिली ती पट्टीच. ज्यांना हे ऐकू येत नाही ते सुखी लोक आहेत, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

वर्कशॉपचं म्हणणं, "एसयूव्हीला वारा लागतोच सर." जुन्या काचेला लागत नव्हता. विमा कंपनीचं म्हणणं, कामाच्या दर्जाची जबाबदारी वर्कशॉपची. वर्कशॉप म्हणतं, काम विमा कंपनीने मंजूर केलेल्या एस्टिमेटप्रमाणे. आणि दोघांच्या हातात मी सही केलेलं समाधानपत्र, जे दिल्याशिवाय ते किल्ली देत नाहीत. माझ्या सहीखाली मी पेनाने 'हायवेवर आवाज व पाण्याची गळती तपासणे बाकी' असं लिहिलं होतं. सवयच आहे, कोऱ्या समाधानपत्रावर मी सही करत नाही. काउंटरवरचा मुलगा वैतागला होता, पण पुढे त्या एका ओळीने काम केलं. तुम्हीही लिहा.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायचा उपाय रंगकामाच्या मास्किंग टेपचा. काचेच्या कडेवर वीतभर टेप लावायची, तोच वेग धरायचा, शिट्टी थांबली की जागा सापडली. थांबली नाही तर टेप पुढे सरकवायची. डाव्या वरच्या कोपऱ्यावर टेप लावताच गाडी गप्प. टेप लावलेलीच ठेवून गाडी वर्कशॉपला नेली आणि अ‍ॅडव्हायजरला शेजारी बसवून मुंबई नाक्यापासून गरवारेपर्यंत फिरवलं, एकदा टेपसह, एकदा टेप काढून. त्यानंतर "वारा लागतोच" हे वाक्य बंद झालं. मोल्डिंगची कड कोपऱ्यात नीट बसलीच नव्हती. पाइपने पाणी मारून पाहिलं, आत गळती नव्हती, म्हणजे सीलंटची माळ अखंड होती. नवी पट्टी बसवली, पैसे घेतले नाहीत. जॉबकार्डाच्या मागे बारीक अक्षरात कामावर सहा महिन्यांची हमी छापलेली होती, तीच दाखवली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या काउंटरवर कोणी सांगितली नाही, सांगितली ती काच बसवणाऱ्या पोराने. वर्कशॉप स्वतः काच बसवत नाही, बाहेरून काचवाला बोलावतं. त्याने जाताना हात पुसत सांगितलं, "साहेब, उद्यापर्यंत दार आपटू नका, एक काच बोटभर खाली ठेवा, धुऊ नका." पीयू सीलंट हवेतली ओल घेऊन हळूहळू घट्ट होतो. सगळ्या काचा बंद ठेवून दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर बसतो. हा फक्त पाणी अडवायचा प्रश्न नाही. अपघातात शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना या काचेवर टेकते, काच निघाली तर एअरबॅगला आधार नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगितली ती रोजंदारीवरच्या पोराने.

पावसाळ्यात कसारा घाटात धो-धो पावसात काच कोरडी राहिली, रेन सेन्सर पहिल्यासारखा चालला. वायपर थोडे दिवस थरथरले, पाती बदलल्यावर थांबले. नव्या काचेवर जुनी पाती ठेवू नयेत, खडीची धूळ रबरात बसलेली असते. काचेच्या कोपऱ्यात आयएसआय शिक्का, आयएस २५५३ आणि काच कंपनीचं नाव असतं, ते बाजूच्या काचांशी जुळवून बघा. आपल्याकडे बहुतेक गाड्यांवर असाही इंडिया किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट दिसतं. सेक्युरिटचा एक कारखाना चाकणला आहे, म्हणजे मंचरच्या खडीपासून फार लांब नाही. बाहेरच्या काचवाल्याकडे मोटार कंपनीचा लोगो नसलेली तशीच काच बरीच स्वस्त मिळते. स्वतःच्या पैशाने बदलायची असेल तर मी तीच घेईन, फक्त शिक्का बघून.

इथपर्यंत मी या सगळ्याला पाचात चार दिले असते. मग ते कोटेशन आलं.

एनसीबीचा हिशोब मी क्लेमच्या आधीच मांडला होता, तो देतो, कारण काच क्लेम करायची की नाही हे त्यावर ठरतं. पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५०. सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की पायरी शून्यावर, आणि पुन्हा वर चढायला वर्षं लागतात. प्रत्येक वर्षाचा फरक जोडत गेलं की एकूण तोटा निघतो. पुढच्या वर्षी २० मिळणार होते अशा नव्या गाडीला तोटा एका वर्षाच्या प्रीमियमच्या ५० टक्के. २५ मिळणार होते तर ८०. ३५ वाल्याला १०५, ४५ वाल्याला १२०, आणि ५० वाल्याला १२५ टक्के. प्रीमियम दर वर्षी थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी पडेल, पण अंदाजाला पुरतं.

माझा प्रीमियम सूट धरण्याआधी ८,००० च्या आसपास. त्याचे १२० टक्के ९,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११,३२८. विमा कंपनी देणार १७,२९०. म्हणजे प्रोटेक्शन नसतं तरी क्लेम परवडत होता. पण हॅचबॅक असेल, काच सात-आठ हजारांत बसत असेल आणि एनसीबी ५० वर असेल, तर क्लेम करणारा स्वतःच्याच खिशातून उसने घेतोय. तिथे गप्प काचवाला गाठावा.

प्रोटेक्शन असल्यामुळे माझा तोटा आणखी कमी व्हायला हवा होता. माझ्या पॉलिसीच्या शब्दांत, वर्षात एका क्लेमपर्यंत चालू टक्का तसाच राहतो. म्हणजे ४५ वर जाणार नाही, पण ३५ वर राहील. कोटेशनमध्ये शून्य. फरक ८,००० चे ३५ टक्के, २,८०० आणि जीएसटी मिळून ३,३०४ रुपये. कॉल सेंटरवरच्या मुलीचं म्हणणं एकच, "सर, सिस्टिममध्ये क्लेम दिसतोय." अहो, क्लेम दिसतोय म्हणूनच तर प्रोटेक्शन! क्लेम नसता तर ते घेऊन मी काय लोणचं घालणार होतो?

दुसऱ्या कंपन्यांकडे जावं म्हटलं, तर तिथे प्रोटेक्शनला काही अर्थ नाही. नवी कंपनी एवढंच विचारते की मागच्या वर्षी क्लेम केला का. केला असेल तर शून्य. एकीने ६,४०० सांगितले, शून्य एनसीबीवर. माझ्याच कंपनीत ३५ टक्के मिळाले तर ५,२००. म्हणजे हे प्रोटेक्शन त्याच कंपनीत राहिलात तरच आहे, या नूतनीकरणाला तरी. विकताना ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि माझं मत बदललं ते इथे. पूर्वी मी हे अ‍ॅड-ऑन सगळ्यांना घ्या म्हणून सांगायचो. आता सांगतो, ज्यांना दर वर्षी कंपनी बदलून स्वस्तात विमा घ्यायची सवय आहे त्यांनी त्यात पैसे घालू नयेत.

कॉल सेंटर सोडून दिलं. पॉलिसी वर्डिंगमधलं ते कलम, प्रीमियमच्या पावतीतली ६४० ची ओळ आणि कोटेशन, तिन्ही एका मेलला जोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. खाली लिहिलं, उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. लोकपालांकडे जायला वकील लागत नाही, फी नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं किंवा तिचा नकार हातात असावा लागतो. तेवढी वेळ आली नाही. एका आठवड्यात सुधारित कोटेशन आलं, ३५ टक्क्यांसह, 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहून. पॉलिसी संपायच्या बऱ्याच आधी कोटेशन मागवलं होतं म्हणून हे निभावलं. शेवटच्या दिवशी उघडलं असतं तर शून्यावर पैसे भरून मोकळा झालो असतो, कारण पॉलिसी खंडित झाली की नव्या तपासणीत काचेवरचा प्रत्येक चट्टा लिहून ठेवतात आणि तो पुढे विम्यातून बाहेर. शिवाय नव्वद दिवस उलटले तर एनसीबीही जातो.

कॅमेऱ्याचं राहिलं. मेव्हण्याच्या गाडीला काचेमागे एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा आहे, त्याची काच याच हिवाळ्यात गेली. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, वर्कशॉपमध्ये समोर ठरावीक अंतरावर फलक लावून किंवा रस्त्यावर गाडी चालवून, कंपनीप्रमाणे. त्याच्या एस्टिमेटमध्ये काच होती, मजुरी होती, जुळवणी नव्हती. ती ओळ नंतर वाढवली आणि विमा कंपनीने 'मूळ मंजुरीत नाही' म्हणून अडवली. ते भांडण अजून चालू आहे, त्याला मी माझ्या मेलचा मसुदा पाठवून दिलाय. अशा गाडीला बाहेरचा काचवाला टाळा आणि एस्टिमेटमध्ये जुळवणीची वेगळी ओळ आधीच लिहून घ्या.

माझं नूतनीकरण झालं. या वेळी कन्झ्युमेबल कव्हर घेतलं, २१० रुपये अधिक जीएसटी, सीलंटच्या २,००६ चा राग म्हणून. हिशोबात बसत नाही हे बायकोने दाखवून दिलं, तरी घेतलं. एनसीबी प्रोटेक्शन घेतलं नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपन्यांचे दर मागवायचे आहेत. काचेला पाचात साडेचार, विमा कंपनीला अडीच, पहिल्या मोल्डिंग पट्टीला शून्य. शंभरच्या वर जोराचा आडवा वारा असला की उजवीकडून हल्ली काहीतरी ऐकू येतंय. रविवारी टेप घेऊन निघतोय.